छिन्नीच्या पोटात

बाबांच्या हातची शेवटची छिन्नी लेकीने मन घट्ट करून प्रयोगशाळेत उभी चिरली, घासून आरशासारखी केली, आम्ल लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बघते तर काय! धारेशी पोलादाच्या बारीक सुया दाटीवाटीने बसलेल्या, दगडाला पुरून उरतील अशा. मागे मात्र मऊ दाणे, हातोड्याचे घाव पचवणारे. बाबांच्या भट्टीत साधा तापमापकसुद्धा नव्हता. तिने तडक घरी जाऊन आईला आणलं.

"बघ, बाबांची करामत! क्षणभर आधी पाण्यात बुडवली असती तर धार ठिसूळ झाली असती, क्षणभर नंतर तर मऊ. त्यांना कळायचं कसं गं?"

"रंगावरून. तापलेल्या लोखंडावर गव्हाळ रंग सरकत सरकत धारेशी आला, की बुडवायचं."

"काय नजर असेल बाबांची!"

"नजर कुठली? तुला कधी कळू दिलं नाही, पण भट्टीने त्यांचे डोळे केव्हाच अधू केले होते." आईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सुया संपून दाणे सुरू होतात तिथे ती बराच वेळ पाहत राहिली. "मी 'आता' म्हणायचे आणि ते बुडवायचे."