शेजारची भिंत

१९७९ साली लक्षद्वीपच्या प्रवाळ सर्वेक्षणातून मला परत पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. कोचीच्या प्रयोगशाळेतले प्रवाळांचे पांढरे सांगाडे मी झटकन ओळखत असे. पाण्यात मात्र तेच प्रवाळ हिरवे, तपकिरी, जांभळे दिसत आणि मी रंगावरून नावं सांगून चुकत असे.

"उद्याही चुकलात, तर शनिवारच्या बोटीने निघा," मोहिमेचे प्रमुख देवस्थळी सर म्हणाले.

संध्याकाळी माझ्या वरिष्ठ सुलभाताई मला गुडघाभर पाण्यात घेऊन गेल्या. "तू भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली ना? शेजारचा खोकला ऐकू यायचा?"

"खोकलाच काय, फोडणी कसली तेही कळायचं."

"मग रंग विसर. या प्रवाळाच्या गोळ्यावरची बारीक घरं बघ. प्रत्येकाची भिंत वेगळी असेल तर फेविया. दोन घरांत मिळून एकच, तुमच्या क्वार्टरसारखी, तर फेवाइट्स."

दुसऱ्या दिवशी सरांनी एक हिरवा गोळा दाखवला. मी पाण्यात तोंड घालून निवांत भिंती पाहिल्या.

"फेवाइट्स."

"कशावरून?"

"यांना शेजारची फोडणी कळते, सर."

सुलभाताई खाकरल्या. सरांनी मला ठेवून घेतलं.

सर पुढे कोचीतच राहिले, तिथेच वारले. सुलभाताई लग्न होऊन नागपूरला गेल्या आणि पुन्हा कधी समुद्रात उतरल्या नाहीत. मी निवृत्तीपर्यंत उतरत राहिले. त्या होत्या तोवर दर मोहिमेनंतर आधी नागपूरला जाऊन त्यांना सगळं सांगायचे, मग घरी जायचे.