ओळखीचे वास

ऑम्लेट या खेपेलाही फाटलं. त्याने गॅस बंद केला, फाटका तुकडा पॅनमधून उचलला आणि उभ्याउभ्याच तोंडात टाकला. केचपमध्ये परतलेला भात शेजारी झाकून तयार होता. तो आता ऑम्लेटच्या पातळ दुलईत असा गुंडाळायचा होता की एक शीतही बाहेर डोकावता कामा नये. पदार्थ जपानी, नाव ओमुराइस. आठव्या मजल्यावर लोंबकळत लिफ्ट दुरुस्त करणारा त्याचा हात नेमका इथे कच खायचा. गेले अकरा महिने दर रविवारी दुपारी हीच परीक्षा.

बायकोनेच त्याला हा पदार्थ पहिल्यांदा एका छोट्या हॉटेलात खाऊ घातला होता. तेव्हा तिने प्लेट नाकाजवळ नेली, डोळे मिटले आणि आत काय काय आहे ते घडाघडा सांगून टाकलं. "कोंबडी, कांदा, मिरपूड. आणि केचप भातावर ओतलेलं नाही, आधी पॅनमध्ये परतून घेतलंय." आचारी बाहेर येऊन बघून गेला होता. ती सॉसच्या कारखान्यात वास आणि चव तपासायची. तिने नाक मुरडलं की अख्खा माल परत जायचा. लोकांच्या नाकावर राग असतो, हिच्या नाकावर कारखाना चालतो, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

मग ती संध्याकाळ आली. ती दोन्ही हेल्मेट घेऊन दारात उभी होती. "दोन गल्ल्या तर जायचंय, तुझं राहू दे," तो म्हणाला. स्वतःचं मात्र त्याने सवयीने घातलं. वळणावर कुत्रं आडवं आलं, स्कूटर घसरली. त्याला साधं खरचटलंही नाही. ती मागच्या मागे डोक्यावर पडली. जखम भरली, पण वास गेला. वासाबरोबर चवही गेली. "ओळखीचे वास देत राहा," डॉक्टर म्हणाले. "वर्षभरात आले तर आले."

कारखान्याने तिला लेबलं तपासायच्या टेबलावर बसवलं. तिने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच त्याला आतून खात राहिलं.

म्हणून हा रविवारचा घाट. पहिले चार महिने तो तिच्यासमोर प्लेट ठेवायचा आणि श्वास रोखून बघायचा.

"काही?"

"काही नाही."

ती असं म्हणाली की तो स्वतःची प्लेट बाजूला सरकवायचा. इतर दिवशीही त्याच्या घशाखाली घास उतरेना. शर्ट अंगावर लोंबायला लागले. झोप उडाली. एकदा वर चढल्यावर पाय लटपटले, तेव्हा साहेबांनी त्याला खाली ऑफिसात बसवलं. सासूबाईंचा फोन आला की न बोलताच तिच्या हातात द्यायचा. त्यांच्याशी काय बोलणार, कोणत्या तोंडाने बोलणार.

पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी त्याने पुन्हा प्लेट सरकवली. ती चमचा हातात धरून थांबली.

"अरे, कांदा करपलाय का रे?"

तो टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मग दोघांच्या वाटचं तो एकटाच जेवला. पुढच्या रविवारी तिला मिरपूड कळली, त्याच्या पुढच्या खेपेला केचप. बारीकसारीक फरक अजून कळत नाहीत, कारखान्याचं काम एवढ्यात नको, असं ती म्हणायची. पण नाक ताळ्यावर येतंय, असं त्याने सासूबाईंना स्वतः फोन करून सांगितलं. तो झोपायला लागला. लिफ्टच्या कामावर परतला. अपराध कुठे गेला नव्हता, पण त्याच्याशेजारी आता जेवता येत होतं.

आज त्याने नवं वाडगं घेतलं. दोन अंडी फोडली. तिसरंही थेट त्यातच फोडलं आणि झटकन मागे सरला. अंडं सडलेलं होतं. हिरवट काळं पाणी वाडग्यात पसरलं आणि अशी घाण सुटली की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने बाहीने नाक दाबलं.

ती ओले केस पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. वाडगं त्याच्या पाठीआड झाकलं गेलं होतं. कट्ट्यावर लोण्याची वडी उघडी पडलेली होती. तिने हनुवटी जराशी वर केली, डोळे मिटले आणि एक लांब, सावकाश श्वास घेतला.

"वा. आज लोण्याचा वास काय सुटलाय."

तो जागच्या जागी थिजला. कांद्याच्या काळ्या कडा. भातावरची मिरपूड. टेबलावरची केचपची बाटली. तिला आजवर कळलेलं सगळंच समोर दिसणारं होतं. आणि पहिल्यांदा कळलं ते त्याने प्लेट सरकवल्यावर. म्हणजे इतके महिने ती बेचव घास चावत त्याला भरवत होती.

"काय रे, डोळ्यांत पाणी?" तिने विचारलं.

सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. तिचा चेहरा फार आनंदात होता.

"कांदा झोंबला," तो म्हणाला. "आणि लोणी आज जरा जास्तच पडलंय."

"पडू दे," म्हणत ती प्लेटा काढायला वळली, तोवर तो ते वाडगं पोटाशी धरून उभा राहिला.