नवव्या दिवशीचं गाणं

"सुतकात गाणं ऐकायला जायचं?" आईने विचारलं. सुनेच्या हातात चार तिकिटं होती, नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सापडलेली.

"तुम्ही अमेरिकेत आलात की अचानक न्यायचं, असं त्याच्या मनात असणार," सून म्हणाली. "कंट्री म्युझिक म्हणजे इथल्या ओव्याच, आईला आवडतील, म्हणायचा."

पण आई-बाबा आले ते मुलाला अग्नी द्यायला. आज नववा दिवस होता. बाबा बूट घालू लागले.

गाण्याच्या मैदानात सगळे हॅट घालून आलेले. चौथ्या खुर्चीवर सुनेने त्याचा कोट ठेवला. शब्द कळत नव्हते. पण गाणारा परक्या गावातून आपल्या आईला हाक मारतोय, असंच आईला वाटत राहिलं.

तिसऱ्या गाण्याला बाबांचा पाय ठेका धरू लागला. आईने त्यांचा गुडघा गच्च दाबला. "अहो, लाज नाही वाटत? पोराचा दहावा व्हायचाय अजून!"

"मी नाही गं," बाबांचा आवाज फाटला. "पाय आपला आपणच..."

पाय थांबला. गाणं थांबलं नाही. थोड्या वेळाने आईने खाली पाहिलं. त्यांच्या गुडघ्यावर तिचीच बोटं ताल देत होती.

"मेल्यांनो," ती बोटांना म्हणाली, "तुम्हालाच धरून चालायला शिकला ना तो?"