सहा कुंड्यांचा आडोसा

बांबू कधी दगा देत नाही, असे सिद्धलिंगप्पांनी साऱ्या मंगळवार पेठेला बजावून सांगितले होते. चौथ्या दिवशी सहाच्या सहा कुंड्यांतल्या बांबूंनी पाने टाकली.

आता त्या काड्यांमधून अंगणातली खाट थेट रस्त्यावरून दिसत होती. खाटेवर थोरली लेक सुंदरम्मा. सासरच्यांनी तिला खोकल्यासकट परत धाडली होती. डॉक्टरने क्षय सांगितला आणि मोकळी हवा लिहून दिली, म्हणून ती अंगणात. आणि धाकट्या गौरम्माला बघायला ज्येष्ठात अक्कलकोटचे पाहुणे यायचे होते, म्हणून पुढे बांबू. घरात क्षय आहे हे कळल्यावर गौरम्माला कोण करून घेणार?

पेठ बांबूची विचारपूस करून गेली. कुणी ताक घाला म्हणाले, कुणी गूळपाणी. निघताना प्रत्येक जण मान उंचावून विचारी, "मागं काय आहे हो?"

"काही नाही," सिद्धलिंगप्पा सांगत. तेवढ्यात मागून खोकला येई. मग विचारणारा घाईने पुन्हा ताकावर बोलू लागे. पेठेतली माणसे भिडस्त.

शेवटी बांबू खणून आणून देणाऱ्या बिरप्पाला कुंभारीहून बोलावले. त्याने कुंडीत बोट खुपसले, माती चोळून पाहिली.

"मालक, मेला न्हाय त्यो. जागा बदलली की पानं टाकतंय त्ये. मुळं दुखावल्यात. सावली करा, बेतानं पानी घाला, आन् सारकं हलवू नका. धरंल जीव."

"ज्येष्ठापर्यंत धरेल का?"

"त्येच्या मनावर हाय की. लई घाई केली तर जाईल."

सावलीला घरात तट्ट्या एकच होता, खाटेवरचा. सिद्धलिंगप्पांनी तो सोडवून कुंड्यांवर बांधला आणि खाट भिंतीकडे सरकवली. तिथे दुपारपर्यंत सावली असे. दुपारनंतर ते दुकानात असत.

"अप्पा," सुंदरम्मा खाटेवरून म्हणाली, "बिरप्पाला विचारा की, माणसाला हेच औषध चालतंय का."

थट्टा सुचतेय म्हणजे पोरीला उतार पडतोय, असे सिद्धलिंगप्पांना वाटले. त्यांना बरे वाटले. दुसऱ्या दिवसापासून तिच्या तांब्यातले उरलेले पाणीही ते कुंड्यांना घालू लागले. ती पाणी बरेच उरवी.

वैशाखात पहिला कोंब आला. मग दुसरा. पंधरवड्यात पाने इतकी दाटली, की रस्त्यावरून खाटेचा पायही दिसेना. सिद्धलिंगप्पांनी बिरप्पाला नवे मुंडासे दिले.

पाहुणे यायच्या आधी नऊ दिवस सुंदरम्मा गेली. चार घरच्या माणसांत माती झाली. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, त्यामुळे बघण्याचा दिवस पुढे ढकलायला कारण उरले नाही. खाट अंगणातून हलवली.

ठरल्या दिवशी अक्कलकोटहून मुलाचे वडील महादेवप्पा आले. गौरम्मा पसंत पडली. पान जमवता जमवता त्यांची नजर अंगणात गेली.

"झकास धरलाय हो बांबू! मागं काय आहे?"

"काही नाही," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

महादेवप्पा चौकस. ते उठले आणि पाने बाजूला सारून त्यांनी पाहिले.

खरेच काही नव्हते.