बटणाचा मान

तळमजल्यावर लिफ्टचं दार मिटता मिटता चष्मेवाला कसाबसा आत शिरला, आणि आत माणसं बघून त्याचा जीव खालीवर झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू, कापडाचं गाठोडं पोटाशी धरून. चौथ्यावरचे दातांचे डॉक्टर. त्याच्या ओठांवर सवयीनं 'सॉरी हं' आलं. मग आठवलं, आज लेक बरोबर नाही.

लेक आठ वर्षांची, स्वमग्न. या लिफ्टची बटणं तीच दाबायची. प्रत्येकाला "कितवा?" विचारायची, उत्तर ठाऊक असलं तरी विचारायची, मग एकेक बटण. मध्ये दुसऱ्या कुणाचं बोट पडलं की कान झाकून किंचाळायची, आणि सगळी वरात पुन्हा तळमजल्यावरून निघायची. माफी मागून मागून चष्मेवाल्याची मान कायमची खाली गेली होती.

शेजारी काही बोलत नसत, आणि त्याला तेच खुपे. न बोलणारी माणसं मनात काय काय म्हणत असतील, या विचारानं त्याची झोप उडाली होती. शेवटी त्यानं गावाबाहेर एक सुटं, बैठं घर शोधलं. लिफ्ट नाही, शेजारही नाही. घरमालकाला आज होकार कळवायचा होता. "तिला इथं करमतं रे," बायको म्हणाली होती. "पळून पळून कुठवर जाशील?" त्यावरून दोघांत सकाळी चांगलीच जुंपली होती.

तो दाराकडे बघत होकाराची वाक्यं जुळवत होता. काकू गाठोड्याकडे बघत होत्या, डॉक्टर छताकडे. बराच वेळ गेला.

"अहो," काकू एकदम म्हणाल्या, "आपण हललोच नाही की!"

तिघांनी बटणांकडे पाहिलं. एकही पेटलं नव्हतं. डॉक्टरांना हसू आवरेना. "मी आपला वाट बघतोय, अजून कुणी 'कितवा' कसं विचारलं नाही!"

"सवयच लागलीय मेली," काकू म्हणाल्या. "परवा बहिणीकडच्या लिफ्टमध्येही अशीच खांबासारखी उभी राहिले. बटणाचा मान आपल्या पोरीचा. आहे कुठं ती?"

आपल्या पोरीचा. चष्मेवाल्याला भरून आलं. ते लपवायला त्यानं बटणाकडे हात नेला, तर काकूंनी त्यावर चापटच मारली. "तुमची कुठं मध्येच लुडबुड? बोलवा तिला."

त्यानं घरी फोन लावला. थोड्याच वेळात लिफ्ट आपणहून वर निघाली. पाचव्यावर दार उघडलं, तर लेक उभी, मागे आई. लेकीनं तिघांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"चुकलं," ती म्हणाली. "आधी खाली."

सगळे मुकाट्यानं तिच्याबरोबर पुन्हा तळमजल्यावर गेले. कुणी घड्याळाकडेही बघितलं नाही.

"कितवा?"

"दुसरा," काकू म्हणाल्या.

"चौथा," डॉक्टर म्हणाले.

बायको नवऱ्याच्या कानाशी आली. "त्या घराचं काय कळवलंस?"

लेक बापाकडे वळली. तिचं बोट बटणापाशी थांबलं होतं. "कितवा?"

"पाचवा," चष्मेवाला मान वर करून म्हणाला, लेकीला आणि बायकोला एकदमच.