तिसरी फळी

भर दुपारी ईरी सरोवरावर व्हर्नाची बोट वॉलाय माशांसाठी गळ ओढत संथ चालली होती. दोन्ही बाजूंना गळाची दोरी बोटीपासून लांब धरून ठेवणारी एकेक फळी तरंगत होती. डावीकडे मात्र आणखी एक फळी सोबत येत होती. ती लाल फळी तिच्या नवऱ्याची होती, परवाच्या वादळात त्याच्यासकट बुडालेली.

"वहिनी, मागे फिरू," धाकटा दीर ऑर्विल म्हणाला.

"भाऊजी, जिवंत होता तेव्हा त्याला घाबरले नाही, आता काय घाबरते?"

तिनं इंजिन बंद केलं. तिच्या दोन्ही फळ्या जागीच थांबल्या. लाल फळी तशीच पुढे निघाली.

"जा एकटाच," व्हर्ना लाल फळीकडे बघून म्हणाली. "मी येणार नाही."

बोट फळीमागून चालू लागली.

व्हर्ना सुरी उपसून बोटीच्या टोकाशी गेली. लाल फळीपासून बोटीपर्यंत कापायला दोरीच नव्हती.