छोटे व्यापारी गाळा का सोडत नाहीत

क्वाबेना कुमासी शहराच्या बाजारात पहिल्यांदा आला तो विद्यापीठाची प्रश्नावली घेऊन. पोट जेमतेम भरतं, तरी छोटे व्यापारी वर्षानुवर्षं त्याच गाळ्यात का अडकून राहतात, यावर त्याला पीएचडी करायची होती. प्रश्न, त्यांखालच्या चौकटी, चौकटींतली उत्तरं, सगळं त्याने महिनाभर खपून स्वतःच तयार केलं होतं. पण बाजारात कोणी त्याला दाद देईना.

"रिकाम्या हाताच्या माणसाशी कोण बोलणार रे, मास्तर?" टोमॅटोवाली सेरवा मावशी म्हणाली. "आधी काहीतरी विकायला बस."

म्हणून त्याने तिच्या शेजारचा गाळा घेतला आणि सुकी मासळी मांडली. माणसं बोलू लागली. पण प्रबंध घेऊन गेला की दर वेळी त्याचे मार्गदर्शक सर म्हणायचे, "आकडे जुने झाले, नवे आण." असं करता करता सहा वर्षं गेली.

आज सरांची नवी विद्यार्थिनी त्याच्या गाळ्यापुढे येऊन उभी राहिली. सरांनी तिच्या हाती त्याचीच जुनी प्रश्नावली दिली होती.

"काका, हा गाळा कधी सोडणार?"

मावशी फिसकन हसली. क्वाबेनाने मासळीवरच्या माश्या हाकलल्या.

"एवढा हंगाम जाऊ दे, पोरी. मग सोडतोच."

 

तिने मान वर न करता पहिल्या चौकटीत खूण केली. ते उत्तर सहा वर्षांपूर्वी त्यानेच तिथे लिहून ठेवलं होतं.